गिऱ्ह्याचे नारळ

"नारळांना हात लावायचा नाय, वहिनी. आणि रस्त्याला तर नायच नाय."

असं सोमा म्हणाला, आणि येसूनं पदर कमरेला खोचला.

ऐका. भांडण मधूनच सांगायला घेतलं म्हणून कुरकुर करू नका. त्या दोघांचं भांडण सुरू कधी झालं हे तळेखारात कोणालाच सांगता यायचं नाही. येसू वरच्या वाडीतल्या जुन्या घरात एकटी राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सोमा तिचा धाकटा दीर. त्याची बायको पोर रांगती असतानाच गेली, तेव्हा त्या पोरीला, नलूला, येसूनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता तीच नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आलेले. आणि सोमानं तिला ठेवलं होतं खालच्या वाडीत, आपल्या नव्या घरात, व्हाळाच्या काठावर. भांडण त्याचं होतं. नारळ, रस्ता, पाइप, जे काय बोलणं चाललं होतं ते सगळं फिरून फिरून त्या पोरीवर येत होतं.

पाऊस सकाळपासून एकसारखा धरलेला. अमावास्या होती, रात्री उधाणाची भरती यायची होती. येसू सोमाच्या पडवीत उभी, आणि पडवीच्या खालच्या पायरीला पाणी लागलेलं. लाल पाणी, सड्यावरचं.

आता तळेखार कसं आहे ते आधी समजून घ्या, नाहीतर ही गोष्ट नुसती भुताची होईल, आणि नुसत्या भुताच्या गोष्टी सांगायला मला वेळ नाही.

मागे सडा, म्हणजे डोंगराचा उघडा कातळमाथा. सड्यावरून व्हाळ, म्हणजे ओढा, उतरतो. आठ महिने कोरडा असतो, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. वरच्या वाडीच्या कडेनं येतो, खालच्या वाडीच्या पोटातून जातो, खारातल्या भातशेतांतून वळतो आणि बांधाला लागतो. बांधाच्या पलीकडे खाडी. त्या बांधात उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधाचं दार, वरून टांगलेल्या लाकडी झडपा. भरती आली की खाडी त्या झडपांना बाहेरून दाबून मिटवते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपांना आतून ढकलतं आणि निघून जातं. माणसाला बोटही लावावं लागत नाही. बापजाद्यांनी काय डोकं चालवलंय बघा. पण त्याला एक गोष्ट लागते. पाणी उघाडीपर्यंत मोकळं पोचलं पाहिजे, आणि पुन्हा भरती यायच्या आत सगळं निघून गेलं पाहिजे.

म्हणून पूर्वी मिरग लागायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन व्हाळात उतरायचं. वरपासून बांधापर्यंत गाळ उपसायचा, झावळ्या काढायच्या, झडपांना तेल घालायचं. आणि सगळं झाल्यावर, शेवटी, एक नारळ. गिऱ्ह्याचा.

गिऱ्हा माहीत आहे ना? ए पोरी, दाराकडे काय बघतेस, अजून आला नाही तो. पाण्यात गेलेलं माणूस पाण्यातच राहतं, त्याला गिऱ्हा म्हणतात. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजानं बोलावतो. तुमच्याच माणसाचं तोंड लावून समोर येतो. त्याचा नारळ फोडायचा नसतो, अख्खा पाण्यात सोडायचा. एकदा सोडला की त्याला कोणी हात लावायचा नाही. जो लावील त्याच्या घरातलं एक माणूस गिऱ्हा नेतो. पूर्वी तो एक नारळ व्हाळातून डुलत डुलत जायचा आणि उघाडीतून खाडीत. संपलं.

मग काय झालं, तरणी माणसं बाहेरगावी गेली. राहिलेल्यांची कंबर दुखायला लागली. फावड्याला दिवस मोडतो, नारळ दुकानात मिळतो. फावडं सुटलं, नारळ राहिला. नुसता राहिला नाही, वाढला. मागची सगळी माणसं मिळून एक सोडायची, आता जो तो आपल्या मागीलदारी उभा राहून आपापला सोडायला लागला. एवढे नारळ दिले म्हणजे गिऱ्हा खूश, मग व्हाळात उतरायचं कशाला? तळेखारच्या माणसाला हे शहाणपण वाटलं. मला विचाराल तर त्यांना चाबकानं फोडायला हवं होतं.

त्यातच सोमानं रस्ता घातला. पाहुण्यांच्या गाड्या समुद्रापर्यंत जाव्यात म्हणून घराच्या अंगणापासून, व्हाळाला आडवा, उंच लाल मातीचा. खाली एक सिमेंटचा पाइप, त्यात शेळी अडकेल एवढा. समुद्र दिसावा म्हणून कांदळाची झाडं तोडून टाकली, खाडीच्या चिखलात उभी असतात ती, मुळांची. बांधाच्या कोपऱ्यावरचा एक झुपका तेवढा राहिला, कारण तिथं त्याचं मशीन रुतलं. वर सड्यावर चिरेखाणवाल्यांनी झाडोरा खरवडून नेलेला. पूर्वी सड्यावरचा पाऊस झिरपत झिरपत यायचा, आता पडला की ओतल्यासारखा खाली.

आणि गिऱ्ह्याचे नारळ? ते येऊन पाइपाच्या तोंडाशी साठले. झावळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, हारांचे दोरे, आणि त्यात बसलेले नारळ, गच्च, बुचासारखे. सगळ्या गावाला दिसत होते. हात लावणार कोण?

येसूचं म्हणणं सरळ होतं. नारळ काढा. नसतील काढायचे तर रस्ता फोडा. तेही नसेल होत तर निदान आजच्या रात्री पोरीला वर माझ्याकडे पाठवा. सोमा म्हणायचा की पाइप इंजिनीअरच्या माणसानं सांगितलेला आहे. तो म्हणायचा की घरात दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत, आणि मालकच पहिल्या पावसाला पोरीला घेऊन डोंगरावर पळाला असं झालं तर उद्या इथं कुत्रं यायचं नाही. मग म्हणाला, काळजी करू नका, मी वर देवळात जातो, गाऱ्हाणं घालतो, पाऊस ओसरेल.

"घाला की गाऱ्हाणं," येसू म्हणाली. "पण देवाला हेही सांगा, की माझी म्हैस मुतली तरी तुंबेल असला पाइप मी घातलाय."

सोमाचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता हो. त्या रस्त्यात आणि घरात त्याची सगळी उमेद गेली होती, आणि ही म्हातारी त्याला हसत होती. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही आता जा. आत नलू खाटेवर बसून सगळं ऐकत होती. या दोघांच्या मध्ये गप्प बसतच ती वाढली होती.

येसू गेली. सोमानं बगलेत नारळ मारला, छत्री घेतली आणि पोरीला सांगून निघाला. बाहेर पडू नको, कडी लावून घे, मी येऊन हाक मारीन तेव्हाच दार उघड. बाप असंच सांगणार. तुम्हीही असंच सांगितलं असतं.

तर तो देवळात पोचला, आणि त्याच्या मागून पाखाडीवर, देवळाच्या दगडी वाटेवर, पाणी चढलं. देवळातली माणसं देवळात अडकली. नलू खाली, एकटी.

इकडे येसूनं चूल पेटवली, भात टाकला, आणि भात शिजायच्या आतच विझवली. मन लागेना. वरून खालच्या वाडीत नुसतं काळं दिसत होतं, वीज गेलेली. पण आवाज. पावसाचा आवाज वेगळा आणि साठलेल्या पाण्याचा आवाज वेगळा, तो असा जड असतो, जनावरानं अंधारात कूस बदलावी तसा. तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, हातात फावडं, कमरेला कोयती, बॅटरी, आणि निघाली. नलूला आणायची तर खालच्या वाडीची वाट बुडालेली. म्हणून ती बांधावरून निघाली, वळसा घालून. आधी पाइप मोकळा करू, पाणी उतरलं की पोरीला घेऊन येऊ, असा तिचा बेत.

ऐका आता. आता सरकून बसा हवं तर.

बांधावर नडगीएवढं पाणी. बेडूक ओरडत होते, कान किटतील असे. येसू पायानं बांध चाचपत चाललेली. चालता चालता बेडूक गप्प झाले. सगळे, एकदम. पाऊस पडतोय, पण त्याचाही आवाज लांबून आल्यासारखा. आणि समोर, सोमाच्या रस्त्यावर, एक उजेड. कंदिलाएवढा. हलत नव्हता. तिनं बॅटरी मारली तर तिथं काही नाही. बॅटरी विझवली तर उजेड आहेच.

तिनं मनात म्हटलं, असशील तर अस. आणि चालत राहिली.

मग विडीचा वास आला. ओल्या रात्री, एवढ्या पावसात, कोरड्या विडीचा वास. तिचा नवरा ओढायचा तीच. मग खोकला. त्याचाच. दोनदा खाकरायचा आणि मग नुसता घसा साफ करायचा, तसाच. एवढ्या वर्षांत तो खोकला तिला स्वप्नातसुद्धा ऐकू आला नव्हता. तिचे पाय आपोआप त्या आवाजाकडे वळले. बांध सोडून दोन पावलं खाली, रस्त्याच्या दिशेनं, आणि पाणी कमरेला लागलं.

"येसू," आवाज आला. "येसू, इकडनं ये. रस्ता कोरडा हाय."

ती थांबली.

तुम्हा आजकालच्या पोरींना कळायचं नाही. तुमचे नवरे तुम्हाला नावानं हाका मारतात, लाडाची नावं ठेवतात. तिच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेत नसे. अगो, ऐकतेस काय, कुठं गेलीस गो, एवढंच. येसूच्या नवऱ्यानं लग्नात नाव घेतलं असेल ते घेतलं, त्यानंतर मरेपर्यंत तिला एकदाही येसू म्हटलं नाही. मरतानासुद्धा, पाणी दे गो, म्हणाला.

येसूनं पाय मागे घेतला, बांधावर चढली, आणि थुंकली. "नाव कोणी सांगितलं रे तुला माझं?"

खोकला बंद झाला.

मग तो दिसला. रस्त्याच्या मधोमध, उघडी छत्री घेऊन. छत्री इतकी खाली धरलेली की तोंड दिसू नये. पावसाचा एक थेंब त्या छत्रीवर वाजत नव्हता. आणि त्याच्या मागे माणसं. रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभी, मिरवणूक बघायला उभी असावीत तशी. सगळी कोरडी. बायकांच्या केसांत अबोलीची फुलं ताजी. येसूनं एकेकाला ओळखलं. तांडेलांचा थोरला, होडी उलटून गेलेला. खेकडे धरायला गेलेली कोंडबाची सून. तिच्या माहेरची एक, जिची कळशी तेवढी सापडली होती. आणि ओळीत एका ठिकाणी जागा मोकळी सोडलेली. एका माणसाला लागते त्याहून थोडी जास्त.

येसूला वाटलं, ही माझी जागा. पण मी वाळलेली काटकी, मला एवढी जागा कशाला? तो विचार तिनं तिथंच टाकला. थांबून विचार करायची ती वेळ नव्हती. पाणी चढत होतं.

ती पाइपापाशी उतरली. सड्याच्या बाजूला पाणी रस्त्याच्या कडेला टेकलेलं, आणि पलीकडे, खाडीच्या बाजूला, कमरेएवढंच. एवढ्या पाण्याला एक मातीचा ढिगारा अडवून धरत होता. बॅटरीच्या उजेडात पाइपाच्या तोंडावर नारळ दिसले. शेवाळ धरलेले, काळे, एकमेकांत बसलेले. तिनं आधी कोयतीनं ओढून बघितले. घाबरली नव्हती असं मी म्हणणार नाही. जो हात लावील त्याच्या घरातलं माणूस जाईल. तिच्या घरात होती कोण? तीच एकटी. मग ने मला. पण हात पुढे करताना तिला आठवलं, की नलूला न्हाऊ घातलं ते कोणाच्या घरात? ती पोर कोणाच्या घरातली धरायची? गिऱ्हा कोणाची धरील?

कोयतीनं एक नारळ हलेना. वर पाणी चढतच होतं.

येसूनं हात घातला.

पहिला निघाला. दुसरा निघाला. मागे फेकले की ते पाण्यावर फिरून पुन्हा तिच्या छातीला येऊन लागायचे, मांजर अंग घासतं तसे. तिनं झावळी ओढली, पिशव्यांचा गोळा ओढला, आणखी आत खांद्यापर्यंत हात घातला. एका नारळाची शेंडी हाताला लागली. ओढली. लांब आली. आणखी ओढली, आणखी लांब. मऊ. तेल लावलेले केस असतात तशी. आणि ती ओढत होती ते तिच्या हातात सावकाश वळलं, कोणी मान वळवून बघावं तसं.

तिनं हात सोडला नाही. हसू नका रे, खरं सांगते. तिनं केस मुठीत गच्च धरले आणि बोलायला लागली. भांडायला लागली म्हणा. म्हणाली, तू कोण असशील ते अस. तुला हे नारळ कोणी दिले ते मला माहीत आहे, मी दिले नाहीत. आमच्या घरानं तुला फावडं दिलं. माझा नवरा दर वर्षी या व्हाळात कमरेएवढ्या गाळात उभा राहिला. तेव्हा तू कुणाला नेलंस? मग आता वाट सोड.

मुठीतले केस केस राहिले नाहीत. नुसता काथ्या. नारळ सुटून हातात आला आणि पाइपानं घोट घेतला. खळ्ळ. पाणी आत जायला लागलं.

आणि वर रस्त्यावर छत्रीवाला सोमाच्या आवाजात बोलला.

"नलू. ये गो बाय. मी आलोय. रस्ता कोरडा हाय."

तोच आवाज. सोमा शब्दाचा शेवट जरा ओढतो, तसाच ओढलेला. खालच्या घरात कडी वाजली. दार उघडलं. आतल्या कंदिलाचा उजेड अंगणात पडला, आणि अंगण कुठं होतं, नुसतं पाणी. पण रस्ता अंगणातूनच सुरू व्हायचा, उंच, तो तेवढा वर होता. नलू बाहेर आली. एक हात कमरेवर, एक पोटाखाली. रस्त्यावर चढली आणि बापाच्या आवाजाकडे चालायला लागली. हसत होती पोर. वाट बघून बघून थकली होती, बाप आला म्हणून हसत होती.

ओळीतली माणसं जराशी बाजूला सरली. मोकळी जागा आणखी मोकळी झाली. तेव्हा येसूला कळलं, जागा एकाहून थोडी जास्त का ते.

ती ओरडली. आवाज पावसानं खाल्ला. ती रस्त्याच्या मातीत बोटं रोवून वर चढली, फावडं तिथंच टाकून, आणि धावली. त्या ओळीतून धावली. दोरीवर वाळत घातलेली ओली लुगडी तोंडावर यावीत तसं झालं, एकामागून एक, गार. छत्रीवाल्याच्या बाजूनं जाताना छत्री वर झाली. तोंड सोमाचं. डोळे सोडून सगळं सोमाचं. डोळ्यांच्या जागी पाणी होतं, आणि ते पाणी हलत होतं.

नलू त्याच्यापासून हातभर. येसूनं तिचा दंड धरला. नलू म्हणाली, "काकी, बाबा बोलावतायत," आणि दंड सोडवायला लागली. अंगात एवढं बळ कुठून आलं पोरीच्या, कोण जाणे. मग येसूनं तिच्या मुस्काटात मारली. दिवस भरलेल्या पोरीच्या. त्या पोरीला तिनं जन्मात हात लावला नव्हता.

नलूचे डोळे जागे झाले. तिनं समोर बघितलं. छत्री नाही, बाप नाही. नुसता पाऊस, आणि पायाखाली रस्ता थरथरतोय. पाइपातून पाणी सुटलं होतं तसं ते पाइपाच्या बाजूनंही माती कुरतडत होतं. मातीच ती, दगडाचा एक थर नाही. मधोमध रस्ता बसायला लागला, जुन्या घराची जमीन बसते तसा, आवाज न करता.

परत घराकडे जायला वाट उरली नव्हती. पुढे बांधाचा कोपरा. येसूनं पोरीला पुढे घातली, मागून ढकलली, आणि दोघी बांधावर चढतायत तोच मागून सगळं सुटलं. पाण्यानं येसूचे पाय उचलले. ती आडवी झाली, एका हातात नलूचा हात, दुसरा हात अंधारात काहीतरी शोधतोय. हाताला कांदळाचं मूळ लागलं. ज्या एका झुपक्यात सोमाचं मशीन रुतलं होतं, तोच. पाणी तिला ओढत होतं आणि मूळ सोडत नव्हतं. कांदळ असंच असतं, त्याला पाय फार असतात. नलूनं वरून झाड मिठीत धरलं आणि काकीला धरलं. सगळ्या खालच्या वाडीचं पाणी त्यांच्या अंगावरून गेलं. नेमकी ओहोटी लागली होती. उघाडीच्या झडपा धाडदिशी उघडल्या, बांधाच्या पोटातून तो दणका दोघींच्या छातीत लागला. आणि पाण्याबरोबर नारळ गेले. एकामागून एक, टकटक आपटत, खाडीत.

मग पाणी उतरलं. बेडूक पुन्हा ओरडायला लागले.

सकाळी तळेखार बघवत नव्हतं. विहिरी गाळानं भरलेल्या. भाताचा तरवा, लावणीसाठी वाढवलेली रोपं, सगळा वाहून गेला. कोंबड्या खुराड्यांत मेलेल्या, एक बैल कुंपणाला अडकून फुगलेला, घराघरात तांदळाच्या कणग्या भिजलेल्या. सोमाच्या नव्या घरात खाटेच्या वर भिंतीवर लाल रेघ. आणि रस्त्याच्या जागी व्हाळ. पूर्वी होता तसाच, त्याच वळणानं.

आज तिथं रस्ता नाही. लाकडाचा साकव आहे, खालून पाणी मोकळं जातं. मिरगाच्या आधी घरटी फावडं उतरतं, बायकासुद्धा उतरतात. नारळ फावडं धुतल्यावर फोडतात आणि वाटून खातात, पाण्यात एक सोडत नाहीत. कांदळ पुन्हा लावलंय. आणि पाऊस दिवसभर धरला आणि उधाण असलं की खालच्या वाडीतली लेकुरवाळी, गरोदर, म्हातारी दिवस असतानाच वर येतात, कोणी हसत नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, आणि अशा रात्री व्हाळातून कोणी म्हणालं की इकडून ये, इथं कोरडं आहे, तर जाऊ नका. तुमच्या आईचा आवाज असला तरी जाऊ नका. व्हाळ आठ महिने कोरडा दिसतो म्हणून तो माणसाच्या पायाखालचा होत नाही.

पण हे सगळं नंतरचं. भांडण मिटल्यावरचं. ते मिटलं कसं, ते राहिलंच.

सकाळी पाणी ओसरल्यावर सोमा येसूच्या अंगणात आला, मांडीपर्यंत चिखल, मागे देवळात अडकलेली माणसं. आधी त्यानं पोरीला विचारलं. नलू आत झोपली होती, गोधडी घेऊन. बघून आला. येसूनं आधीच तिला वर आणली होती, पाणी चढायच्या आत, असंच तो समजला. जीव भांड्यात पडला, आणि मग राग वर आला. रात्रभराचा राग. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही नारळांना हात लावलात. फावडं तिथं सापडलंय तुमचं. माझा रस्ता तुम्ही फोडलात. मागची माणसं माना डोलवत होती. त्यांना आता भीती पडली होती, नारळ काढले, गिऱ्हा कोणाला नेतो. सोमा म्हणाला, मी रस्ता पुन्हा घालणार, याच पावसात. आणखी उंच. पाइप मोठा. आणि गिऱ्ह्याला गावानं मिळून एक पोतं नारळ सोडायचे.

येसू पायरीवर बसून हाताचे ओरखडे धूत होती.

"एवढं काय झालं होतं, सांगा ना," सोमा म्हणाला. "त्या रस्त्यावर काल रात्री माणूस होतं काय कोणी? कोणाचं काय गेलं? माझा रस्ता तेवढा गेला."

येसूनं तांब्या खाली ठेवला.

"पोरगी होती रस्त्यावर, भावोजी, तुमच्या हाकेला आली होती."